माधुरीची सतरा घरं

माधुरी गेल्याचा तिच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमध्ये, जुरोंग ईस्टच्या ऑफिसात होते. कॅन्सर होता, बातमी अपेक्षित होती, त्यामुळे आम्ही दोघंही फार बोललो नाही. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "तिचं मत पोचलं असेल ना गं तिकडे?" अमेरिकेतल्या मतदानाला अकरा दिवस बाकी होते. मत पोचलं असणार, कारण कुरिअर मीच केलं होतं. पण मतदार मतदानाच्या दिवशी हयात नसेल तर ते मोजत नाहीत, हा तिकडचा नियम आम्हाला माधुरीनेच सांगितलेला. म्हणजे आता कुणीतरी कळवायला हवं होतं... किंवा गप्प बसायला.

आमच्या इथल्या मराठी गोतावळ्यात इथून मत देऊ शकणारी ती एकटीच. बाकीचे आम्ही भारतीय पासपोर्टवाले; मत द्यायचं तर विमानाने जायला हवं, आणि रजा आम्ही लग्नकार्यांसाठी राखून ठेवतो. ती बारा वर्षं मिशिगनमधल्या एका मध्यम शहरात राहिली, अमेरिकेची नागरिक झाली, आणि निवडणुकीच्या हंगामात तिथल्या पालिकेत, टपालाने आलेल्या मतांच्या पाकिटांवरच्या सह्या ताडून बघायचं काम करायची. श्रीकांतच्या नोकरीमुळे इथे क्वीन्सटाउनला आली, तरी जुन्या गल्लीतल्या सतरा घरांचे नंबर तिने वहीत उतरवून आणले होते. मतदानाच्या आधी दोन आठवडे, रोज सकाळी सातला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, ती एकेका घरी फोन करायची. कुणाला मत द्या हे सांगायची नाही. जाणार ना, एवढंच.

ती गल्ली मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यावर जगायची, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाची. कारखाना बंद पडला तशी बरीच घरं दुसऱ्या पक्षाकडे झुकली. ते लोक तिच्याशी फोनवर कडाकडा भांडायचे, तीही मागे हटायची नाही. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये मी तिला फिरायला न्यायला गेले, तर ती फोन ठेवून नुसती बसून होती.

"आज कुणी भांडलंच नाही," ती म्हणाली.

"बरं झालं. चल, ऊन चढेल."

"बरं काय? शिव्या देणारा माणूस मतदानाला जातो गं. हे सगळे नुसतं 'हो हो' म्हणतायत."

"तुझ्या एका गल्लीने अमेरिका बुडत नाही."

"मॅनेजरबाई, शहरभर तसल्याच गल्ल्या आहेत."

निकालानंतर सगळे म्हणाले, शहर उलटलं. ती म्हणायची, "थोडंसंच उलटलं. बाकीचं घरी बसलं." पक्ष बदलणाऱ्यांची तिला भीती नव्हती; मतदानच सोडून दिलेल्यांची होती. एकदा घरी बसायची सवय लागली की माणूस कशासाठीच उठत नाही, म्हणायची. मला ती अतिशयोक्ती वाटली होती.

दोन वर्षांनी सप्टेंबरच्या शेवटी तिची मतपत्रिका आली, तेव्हा केमोने तिची बोटं बधिर झाली होती. आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नव्हता, त्यामुळे फोन बंदच. आणि पाकिटावरची सही जुळली नाही तर मत बाद. मी म्हटलं, "आण इकडे, मी ठोकते. तुझी सही काय अवघड आहे?"

तिने पाकीट उशीखाली सरकवलं. "तुझ्यासारख्यांना पकडायचाच पगार घेत होते मी."

मग तीन दिवस ती हॉस्पिटलच्या कागदांच्या पाठीवर सही गिरवत राहिली. चौथ्या दिवशी पाकिटावर केली आणि म्हणाली, "ने. आणि कुरिअरची पावती आणून दाखव."

अंत्यविधी आटोपल्यावर श्रीकांत म्हणाला, "राहू दे ना. त्यांना कुठे कळणार आहे?" खरंच कळलं नसतं. मी पालिकेला चार ओळींचा मेल लिहिला आणि पाठवण्याआधी त्याला दाखवला. "तिचं शेवटचं काम तू पुसून टाकतेयस," तो म्हणाला. मी "हो" म्हटलं आणि पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. सांत्वनाची एक ओळ होती, पाकीट न उघडता बाजूला ठेवल्याचं कळवलं होतं. आणि लिहिणाऱ्या बाईने आपणहून पुढे लिहिलं होतं की सही जुळत होती.

तिकडे मतदानाचा दिवस संपत आला तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली होती. सातला मी माधुरीच्या स्वयंपाकघरात गेले. श्रीकांतने चहा ठेवला आणि न विचारताच माधुरीची वही समोर आणून ठेवली. तिथे संध्याकाळचे सहा, मतदान संपायला दोन तास. पहिलं नाव रूथचं, माधुरीच्या सख्ख्या शेजारणीचं. मी ओळख दिली, बातमी सांगितली. ती म्हणाली, "यंदा तिचा फोन आला नाही. मला वाटलं, तीसुद्धा कंटाळली. मग मीही गेले नाही."

"गल्लीतलं कुणी गेलं?"

"मी खिडकीशीच बसलेय. सगळ्यांच्या घरात दिवे आहेत."

मी म्हटलं, अजून दोन तास आहेत.

"इथे अंधार पडलाय," रूथ म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मी खालचा नंबर लावला. त्या सकाळी सतराही घरं झाली. फोन उचलला तो पाच जणांनी. ऑफिसला उशीर झाला. वही तेव्हापासून माझ्याकडे आहे, आणि श्रीकांतने ती परत मागितलेली नाही.