मकामे नाखव्याचे आठ

जाम्बियानीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना मकामे वुआई तीन इंग्रजी शब्दांवर सांभाळायचा: ‘मासा’, ‘सावकाश’ आणि ‘हात नको’. एवढ्यावर त्याची चोवीस वर्षं निभली होती. त्याआधी तो कालवं आणि माकूळ धरायचा, पण पाणी तापत गेलं, माकूळ दूर गेला, आणि पाण्यात नुसतं बघायला माणसं येऊ लागली. बघण्यासारखं फार उरलं नव्हतं. प्रवाळ चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. तरी पाहुणे तोंड पाण्यात घालून हुंकारायचे, तारामासा उचलून फोटो काढू म्हणायचे, मग मकामे ओरडायचा, “हात नको!”

होडी आंब्याच्या खोडाची होती. बापाने आणि त्याने मिळून झाड पाडलं, कोरलं, दोन्ही बाजूंना तोल धरणाऱ्या उलांड्या बांधल्या. बाप गेला, होडी राहिली. मूलबाळ झालं नाही. गावात ‘मकामे’ म्हटलं की कोणता मकामे असं विचारत, ‘होडीवाला’ म्हटलं की विचारत नसत.

हॉटेलं उठत गेली तशा होड्या सरकत गेल्या. शेवटी गावाच्या वाट्याला शंभर पावलांची वाळू उरली, तीही एका नव्या हॉटेलच्या दारात. त्या वाळूतल्या बदामाच्या झाडावर शुक्रवारी एक कागद लागला. वर स्वाहिली, खाली इंग्रजी. सर्व नाखव्यांनी सोमवारी आठ वाजता कागदपत्रं घेऊन हॉटेलच्या फाटकाशी यावं. ज्यांची नावं नोंदली जातील त्यांच्याच होड्या इथे राहतील, त्यांनीच पाहुणे न्यावेत. बाकीच्यांनी त्यानंतर तीन दिवसांत वाळू मोकळी करावी.

मकामे पाचवी शिकला होता. कागद त्याने स्वतः वाचला, कुणाला विचारलं नाही, आणि घरी येऊन बायकोला तोंडपाठ म्हणून दाखवला.

“आठ म्हणजे दुपारच्या नमाजानंतर,” मिझे म्हणाली. “बरं झालं. जेवून जाल.”

त्या किनाऱ्यावर दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य वर येऊन तास झाला की एक वाजतो. आठ वाजतात तेव्हा ऊन डोक्यावरून कललेलं असतं. मनगटावर घड्याळ असलं तरी माणसं काटा मनात उलटवून वाचतात. स्वाहिलीत आठ लिहिलं की दुपार. यात विचारण्यासारखं काय होतं?

सोमवारी सकाळी भरती चांगली होती. एक म्हातारं जोडपं त्याला प्रवाळाच्या खडपापर्यंत घेऊन चल म्हणालं. शीड भरलं तेव्हा मकामेने मागे पाहिलं. बदामाखाली सगळे नाखवे जमले होते, हातात कागद. त्यांतला कोंबो दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता. वारा समुद्राकडून होता, शब्द आले नाहीत.

“येतो, येतो! आठ वाजता!” मकामेने ओरडून सांगितलं. हे मात्र किनाऱ्यावर नीट पोचलं. बदामाखालचे सगळे हसले. मकामेही हसला.

दुपारी त्याने पांढरा झगा घातला, टोपी घातली, कागद पिशवीत घेतले. फाटकापाशी कुणी नव्हतं. सावलीत कोंबो जाळं शिवत बसला होता.

“काय रे, बाकीचे कुठायत?”

कोंबोने वर पाहिलं, झगा पाहिला. “मकामे, सकाळी झालं ते.”

“आठ लिहिलं होतं.”

“त्यांचे आठ. खाली इंग्रजीत सकाळचे आठ होतं ना. आम्ही फाटकावर विचारलं.” त्याने दोरा दातांनी तोडला. “तू ओरडलास आठला येतो, मला वाटलं थट्टा करतोयस. नेहमीच करतोस.”

मकामेचा भाचा शामे हॉटेलात पाण्यातल्या खेळांवर देखरेख करायचा. तो त्याला आत घेऊन गेला. मॅनेजर बाई तरुण होती, इटलीची. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. शामे मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगत होता.

“यादी शहरातल्या कचेरीत गेली म्हणते, मामा. आता नाव घालता येत नाही.”

“तिला सांग, कागदावर आठ होतं. मी आठलाच आलोय.”

शामेने सांगितलं. बाईने फोन काढला, त्यावर काही लिहिलं आणि दोघांना दाखवलं. झाडावरच्या कागदाचं भाषांतर फोननेच केलं होतं. आठाला आठ.

“बरोबरच आहे म्हणते.”

“बरोबर आहेच,” मकामे म्हणाला. “म्हणून तर आलो.”

बाईला खरंच वाईट वाटलं होतं. ती खिडकीशी गेली, होडीकडे बघत राहिली आणि बराच वेळ बोलली.

“मामा, ती म्हणते तुमची होडी सगळ्यांत देखणी आहे. ती इथेच राहू दे. वाळूत रोवून ठेवू. पाहुणे बसतील, फोटो काढतील.”

“आणि पाण्यात कोण नेईल?”

शामेने हे बाईला विचारलं नाही. खाली बघत म्हणाला, “मला वाटलं होतं तुम्हाला वेळ ठाऊक असेल. सगळ्यांनाच ठाऊक होतं.”

मिझेने सगळं ऐकून घेतलं. ताटात भात वाढून ती समोर बसली.

“आधी फोटो,” ती म्हणाली. “मग बाटल्या ठेवतील तिच्यात. बर्फ आणि बाटल्या. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला तिच्यासमोरून जाणार.”

“मग कुठे नेऊ? दक्षिणेला नुसता कातळ आहे. परसात आणली तर दोन वर्षांत वाळवी.”

“मी कुठे काय म्हणते,” मिझे म्हणाली. “जेवा.”

गुरुवारी वाळू मोकळी करायची होती. डोलकाठी त्याने आदल्या दिवशीच उतरवली. सकाळी हॉटेलची सहा माणसं आली आणि होडी उंचावर ओढू लागली. मकामे झगा घालूनच, हात न लावता बाजूने चालत राहिला. ठरल्या जागी ती टेकली, नाळेचं पुढचं टोक समुद्राकडे करून, जशी रोज टेकायची.

“फिरवा,” शामे म्हणाला. “नाळ हॉटेलकडे. फोटोत समुद्र मागे यायला हवा, मामा.”

ती फिरवली. उलांडी वाळूत अडली तेव्हा मकामेच पुढे झाला आणि ती खांद्याने उचलून मोकळी केली.

मग सुतार विजेचं यंत्र घेऊन आत चढला. पावसाचं पाणी साठू नये, डास होतात, म्हणून तळाला भोक पाडायचं होतं. यंत्र घरघरलं.

“थांब रे,” मकामे म्हणाला. “तसं नाही. लाकडाची रेघ बघ. आडवं घातलंस तर नाळेपर्यंत तडकेल.”

“मग कसं घालू, नाखवा?”

मकामेने झग्याची बाही वर केली, आत उतरला आणि सुताराच्या पेटीतलं जुनं गिरमिट उचललं. गुडघे टेकून त्याने तळावर हात फिरवला, जागा शोधली, आणि छातीचा भार देऊन फिरवायला लागला. लाकूड अजून घट्ट होतं. भुसा पिवळा निघत होता, मऊ. बऱ्याच वेळाने टोक आरपार गेलं. त्याने बोट घालून पाहिलं. खाली वाळू थंड होती.

“एवढं पुरे?” त्याने विचारलं.

शामेने वाकून पाहिलं. “अजून एक करा, मामा. मागच्या बाजूला.”

मकामे गुडघ्यांवरच मागे सरकला आणि रेघ शोधू लागला.