फुकटचे कॉम्प्युटर नाकारणाऱ्या परबबाई

परबबाई आज सकाळी गेल्या. शाळा त्यांच्या आधीच गेली होती.

भोईवाड्याजवळची आमची मराठी शाळा. बाई मुख्याध्यापिका, मी गणित शिकवायचे.

बाजूच्या इंग्लिश मीडियममध्ये कॉम्प्युटर लॅब झाली आणि आमच्या ॲडमिशन्स गळायला लागल्या. कमिटी घाबरली.

मग एक कंपनीवाला आला. नवेकोरे कॉम्प्युटर, एसी, शिकवायला माणूस, सगळं देतो म्हणाला. शाळेने काही द्यायचं नाही. फक्त प्रत्येक मुलाकडून दरमहा फी.

चेअरमन खूश. "बाई, फुकट मिळतंय. सही करा."

बाईंनी एवढंच विचारलं, "आणि ज्याच्या घरून फी आली नाही तो?"

"त्याला लॅबमध्ये बसता येणार नाही, मॅडम. तसा रूलच आहे," कंपनीवाला म्हणाला.

बाईंनी त्याला चहा पाजला. आणि नाही म्हणून सांगितलं.

स्टाफरूममध्ये मी चिडले. "बाई, आहेत ती पोरंपण जातील!"

"जातील गो," त्या म्हणाल्या. दमल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची. "फुकट काय एक गावना नाय."

मग त्यांनी कारण सांगितलं.

"गिरणीच्या संपात बाबांचा पगार बंद झाला. धाकट्या भावाची फी राहिली. त्याला रोज वर्गाबाहेर उभं करायचे. एक दिवस तो शाळेत गेलाच नाही. परत कधीच गेला नाही."



लोअर परळच्या एका ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते. बाईंनी ते स्वस्तात मागून घेतले. पण आधी रिपेअरचे पैसे बाजूला काढले, मगच खरेदी. कमिटी हसली. "वस्तू यायच्या आधीच बिघडणार का, बाई?"

"घेणं एकदाच असतं. सांभाळणं रोजचं," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी टेम्पो घेऊन गेलो. ऑफिस एका बंद गिरणीच्या कंपाउंडमध्ये होतं. गेटवर बाई थांबल्या.

"बाबांचा डबा घेऊन इथपर्यंत यायचे. आत आजच जातेय."

लॅब सुरू झाली. मशीन्स स्लो, एका स्टुलावर दोन-दोन पोरं. पण सगळी बसली.

ॲडमिशन्स मात्र वाढल्या नाहीत. मी म्हटलं तसंच झालं. त्याचा मला काडीचा आनंद नाही.

पुढे दरवर्षी तेच. कमिटी रिपेअरच्या पैशातून कधी छताची गळती भागवायची, कधी गॅदरिंगचा मांडव. बाई मीटिंगमध्ये भांडायच्या, हरायच्या, पुढच्या वर्षी परत भांडायच्या. एकेक मशीन बंद पडत गेलं. बाई रिटायर झाल्या, आणि थोड्याच वर्षांत शाळेला कुलूप लागलं.

शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी शाळेचं नाव काढलं नाही. मीही नाही.

आज स्मशानात चेअरमन आले होते. खूप थकलेत. सगळं होईपर्यंत उभे होते.

निघताना म्हणाले, "परबबाईंचं ऐकलं असतं तरी शाळा वाचली नसती."

मी मान डोलावली.

"तरी ऐकायला हवं होतं."

एवढं बोलून ते टॅक्सी शोधायला लागले. मी त्यांना हात धरून रस्ता ओलांडून दिला.

बाई, खूप दमलात. आता निवांत पडा.

जड मनाने निरोप.