आतून लागणारी कडी

कोंबडीची मान एका झटक्यात पिरगळावी, दया दाखवत बसू नये, हे लोव्हिना टटल सात वर्षांची असताना शिकली. दया दाखवली की कोंबडी अर्धमेली होऊन अंगणभर धावते, आणि ते हाल तुम्हीच केलेले असतात. पुढे बेचाळीस वर्षं तिनं कोंबड्या मारल्या, डुकरं मारली, एकदा पिसाळलेला कोल्हा मारला, तोही फावड्यानं. तिचा नवरा ऑरिन मात्र एका झटक्यात काही संपवणारा नव्हता. तो तिला हप्त्याहप्त्यानं मारायचा. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे ते त्याच्यामुळं, दोन बोटं वाकडी होती तीही त्याच्याचमुळं.

टॅमरॅक तळ्याकाठचं शिबिर म्हणजे स्वर्ग, असं तिला कुणी म्हटलं असतं तर ती हसली असती. उन्हाळ्याचे दहा आठवडे चाळीस मुलींचा तीन वेळचा स्वयंपाक हा कुठला स्वर्ग? पण स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर तिची खोली होती आणि खोलीच्या दाराला आतून कडी होती.

शिबिर मिस हॅथवेंचं. सकाळी गवतावर अनवाणी नाच, दुपारी मातीकाम आणि विणकाम, संध्याकाळी पाखरं, किडे, झाडं. तिथली एक रीत होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीनं एक जीव निवडायचा, दहा आठवडे त्याच्यावर नजर ठेवायची आणि शेवटच्या शनिवारी आईबापांसमोर तो जीव नाचून दाखवायचा. आणि एक नियम होता: शिबिरात रक्त सांडायचं नाही. डाससुद्धा हाकलायचा, मारायचा नाही. ताटातली कोंबडी जणू आभाळातून पडायची. लोव्हिना ती बर्फघरामागे मारून, हात धुऊन, ॲप्रन बदलून यायची.

१९३४ च्या जूनमध्ये मिस हॅथवे तिला म्हणाल्या, "यंदा हिवाळ्यात इथं राखणीला माणूस हवंय. राहशील? उन्हाळा तक्रारीशिवाय पार पडला तर किल्ली तुझी."

"हिवाळाभर?"

"एप्रिलपर्यंत."

लोव्हिना बटाटे सोलत होती. हातातला बटाटा निम्मा सालीबरोबर गेला.

त्या वर्षी बॉस्टनहून गसी नावाची बारा वर्षांची काटकुळी पोर आली होती. बगळा, चतुर, खार, सगळे चांगले जीव आधीच उचलले गेलेले. गसीनं तळ्यातलं चावरं कासव घेतलं. तीस पौंडांचं धूड, चिखलात पडून राहायचं.

"दिसतच नाही ते," आठवड्याभरानं गसी कुरकुरली. "मी काय चिखल नाचू?"

मिस हॅथवेंनी तोड काढली. धक्क्यावरून रोज खायला घाला, येईल वर. कोंबडीची आतडी स्वयंपाकघरातून मिळतील.

"मिस, त्याला हात कळत नाही, मांस कळतं," लोव्हिना म्हणाली.

"त्याला प्रेम कळतं, लोव्हिना."

लोव्हिनाला किल्ली आठवली. ती गप्प बसली आणि रोज सकाळी आतडी देत राहिली. तळ्याकाठी जन्मलेल्या बाईनं हे करायला नको होतं, आणि ते तिला तेव्हाही कळत होतं.

नाच संपला की मुली त्याच धक्क्यावर ओळीनं बसून पाण्यात पाय धुवायच्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी कासव आतडी खायला आलं, आतडी नव्हती, गसीचा पाय होता.

किंकाळी ऐकून लोव्हिना मांस तोडायचा सुरा हातात तसाच घेऊन धावली. दोन मुली गसीला काखेत धरून ओढत होत्या. पाणी लाल झालं होतं.

"मारू नका त्याला," मिस हॅथवे ओरडत होत्या. "शांत राहा, सोडेल ते."

"सोडेल ना, बोटं घेऊन सोडेल. ए पोरींनो, ओढू नका तिला!"

लोव्हिना कमरेइतक्या पाण्यात उतरली. शेपूट धरून तिनं ते धूड फळ्यांवर आदळलं, पाठीवर गुडघा रोवला आणि मानेवर सुरा घातला. मान तिच्या मनगटाहून जाड होती. तीन घाव लागले. धड नखांनी फळ्या ओरबाडत बाजूला झालं, डोकं पायाला तसंच चिकटलेलं. चुलीची सळई मागवून तिनं जबडा उचकटला. करंगळी गेली होती. बाकीची चार बोटं जागेवर होती. चाळीस पांढऱ्या झग्यांपैकी निम्म्यांवर रक्त उडालं होतं.

डॉक्टर गेल्यावर मिस हॅथवे म्हणाल्या, "चाळीस मुलींसमोर, लोव्हिना."

"चावलंही चाळीस मुलींसमोरच, मिस."

"थांबता आलं असतं."

"नसतं आलं."

"किल्लीचं शनिवारनंतर बोलू."

गसीला जिना चढवेना, म्हणून तिची खाट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टाकली. दुपारी बाकीच्या मुली रानात गेल्या आणि ऑरिनची गाडी आली. गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख असतात.

"काढलं ना तुला? चल, बस गाडीत."

"अजून नाही काढलं."

"पोरींसमोर सुरा चालवलास म्हणे. आणि जनावर म्हणे मी."

त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं कपाळ टेबलाच्या काठावर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा आपटताना तिचा हात खालच्या बादलीत गेला. बादलीत सकाळचं डोकं होतं. चावऱ्या कासवाचं डोकं धडाशिवायही कित्येक तास जबडा मिटतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तिनं ते उचलून त्याच्या दंडावर दाबलं.

जबडा मिटला. ऑरिन बैलासारखा हंबरला. वेणी सुटली. तिनं दार उघडून धरलं.

"दिवस मावळेपर्यंत सोडत नाही म्हणतात," ती म्हणाली. "गाडी एका हातानं हाक."

मग तिनं डोळ्यात उतरलेलं रक्त पुसलं. कोपऱ्यातून गसी टक लावून पाहत होती.

"काय बघतेस?"

"तुम्हाला, मावशी."

"झोप गुमान."

शनिवारी चार वाजता आईबाप बाकांवर बसले. बगळा झाला, चतुर झाला. मग गसी लंगडत पुढं आली. पायाला पट्टी, झग्यावर लोव्हिनाचा ॲप्रन. तिनं बाह्या वर सारल्या. हवेतली एक मान पिरगळली, हात धुतले, गोड हसून ताट वाढलं. गुडघा रोवून तीन घाव घातले. एक आई उठून उभी राहिली. मग गसीची स्वतःची मान मागं खेचली गेली आणि कपाळ पुढं आदळलं, तीनदा. शेवटी ती एकेक पायरी चढली, दार लावलं, कडी घातली आणि ती नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. लोव्हिना रोज रात्री ओढायची आणि खाली खाटेवर गसीला ऐकू यायची, तशीच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मिस हॅथवे स्वयंपाकघरात आल्या. "कपाळाला काय झालं विचारलं, तर कपाटाचं दार लागलं म्हणालीस."

"कपाटच ते. सहा फुटी."

मिस हॅथवेंनी खिशातून किल्ली काढली. "खायला घाला, असं मी म्हणाले होते."

"आतडी मी दिली."

मिस हॅथवेंनी ती पिठाच्या परातीशेजारी ठेवली. "पण पुढच्या वर्षी रक्ताचं जरा..."

"पुढच्या वर्षी कोंबड्या बर्फघरासमोर मारीन. ज्यांना खायचीय त्यांनी बघावं."

नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या दिवशी, ऑरिन आला. दारावर सहा-सात लाथा घातल्या. कडी हलली, पण धरून राहिली. आत लोव्हिना कोंबडीची पिसं उपटत बसली होती. ती खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही.

"ऑरिन," ती म्हणाली, "तळ्यात अजून तीन आहेत."

एक लाथ अर्ध्यावर थांबली असावी. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तिनं दुसरा पंख धरला.