दोन बोटं बाकी

थीम पार्कच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथे मोठ्या पाळण्यांवरच्या किंकाळ्या जरा पुसट होऊन पोचतात, तिथे लहान मुलांची सुरवंटगाडी आहे. सहा हिरवे डबे, पहिल्या डब्याला दोन बटबटीत डोळे, एक चढ, एक उतार, आणि पावणेदोन मिनिटांत खेळ खलास. मोठ्या माणसाला जांभई यावी अशी गाडी. पण तीन वर्षांच्या जिवाला तो चढ म्हणजे डोंगर. या गाडीच्या फाटकाशी एकोणीस वर्षं एकच माणूस उभा होता. पाठीमागे सगळे त्याला फूटपट्टी म्हणत, तोंडावर काका.

काम साधं होतं. फाटकाजवळच्या खांबावर नव्वद सेंटीमीटरवर तांबडी रेघ ओढलेली. मूल खांबाला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर लाकडी फळी आडवी धरायची. फळी रेघेला पोचली तर आत, नाहीतर परत. पण आयांकडे सतरा युक्त्या असायच्या. कुणी पोरीच्या डोक्यावर टोपलीएवढा अंबाडा बांधून आणायची, कुणी कानात सांगायची, "टाचा उचल, सोन्या." म्हणून त्याने स्वतःचा एक नियम केला होता. आधी बूट काढायचे.

"बाई, बूट काढा. पोराचे हो, तुमचे नव्हेत."

रांग हसायची. एखादा बाप तणतणायचा, "अहो, दोन बोटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही कोसळत, साहेब. पोर कोसळतं."

हे तो चेष्टेत म्हणत नसे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, एका आईच्या गयावयाला भुलून, त्याने एक बुटकं पोर आत सोडलं होतं. उतारावर ते मांडीवर आडव्या येणाऱ्या दांड्याखालून निसटलं. कोपरावर निभावलं. पण ते पडल्याचा आवाज त्याच्या कानांतून कधी गेला नाही.

परत पाठवलेल्या पोराला मात्र तो रिकाम्या हाती जाऊ देत नसे. खिशातल्या कागदावर तारीख टाकायचा आणि लिहायचा, 'दोन बोटं बाकी. वाढून ये.' रडणारं पोर चिठ्ठी मुठीत धरून गप्प व्हायचं. वर्षभराने तीच चिठ्ठी घेऊन कुणी परत आलं की फूटपट्टीच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसे, जणू त्या पोराला त्यानेच खाऊपिऊ घालून वाढवलंय.

त्याची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. जावई दूरच्या बंदरावर कामाला, महिन्यातून एकदा घरी. लेकीला जुळं होतं. मुलगी ठकी, मुलगा बारकू. ठकी भोपळ्यासारखी टणक. बारकूच्या काळजाला जन्मापासून भोक. खाल्लेलं त्याच्या अंगी लागत नसे. दोघं शेजारी उभी राहिली की लोक विचारायचे, "धाकटा केवढ्याचा?" लेक म्हणायची, "थोरला आहे तो. सात मिनिटांनी."

तिसरं वर्ष भरत आलं तेव्हा ऑपरेशनचा गुरुवार ठरला. डॉक्टर म्हणाले, दहातली नऊ मुलं खेळत घरी जातात. घरी येताना फूटपट्टी नऊ मुलांबद्दल बोलत होता. लेक खिडकीबाहेर बघत होती. तिला ते एकच पोर दिसत होतं.

मंगळवारी ती दोघांना घेऊन पार्कात आली. बापाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं होतं. हळू चालणाऱ्या गाडीला त्यांची हरकत नव्हती. बारकूने त्या सुरवंटाचं चित्र उशाशी ठेवलं होतं आणि रोज झोपताना तो त्याच्या डोळ्यांवर पांघरूण घालायचा.

रांगेत तिघं पुढे आली तशी ठकी ओरडली, "आजोबाऽ!"

"अगं बया! तुम्ही इथे कशी?" फूटपट्टीचा चेहरा खुलला. ठकी मोजून झाली, रेघेच्या वर. मग बारकू आपणहून खांबाला टेकला, छाती पुढे काढून. फळी रेघेला जेमतेम पोचत होती.

आपल्याच नातवाला बाप बूट काढायला लावणार नाही, असा लेकीचा अंदाज होता. लावायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण एकोणीस वर्षांची सवय. तो मनाशी काही ठरवण्याआधीच त्याचे हात खाली वाकले आणि त्यांनी बूट सोडले. बुटांतून वर्तमानपत्राच्या जाड घड्या पडल्या. चौकोनी, नीट कापलेल्या, टाचेच्या मापाच्या. काचा घासणाऱ्या हाताचं काम.

मागे कुणीतरी हसलं. "काका, घरातच चोर!"

फूटपट्टीने घड्या उचलल्या. फळी पुन्हा धरली. दोन बोटं कमी.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "आजचा दिवस."

"दांडा त्याच्या वरून जातो गं."

"मी बसते त्याच्याजवळ. घट्ट धरते."

"तू मावत नाहीस त्यात. कुणीच मोठं मावत नाही."

"एकदाच, बाबा."

"एकदाच कशाला? ऑपरेशन झालं की भराभर वाढेल. पुढच्या वर्षी दहा वेळा बसेल." तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता. मग त्याने खिशातला कागद काढला, तारीख टाकली आणि ठरलेली ओळ लिहिली. बारकूने चिठ्ठी घेतली. तो रडला नाही. खाली बसून एकट्याने बूट चढवायला लागला, उजवा डाव्या पायात.

ठकी गाडीत बसली होती. प्रत्येक वळणावर ती ओरडायची, "बारकू, बघ!" आणि कठड्याला नाक लावून बारकू बघत होता.

गुरुवारी सकाळी त्याला आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, आणि ते बोलायच्या आधीच लेक खाली बसली.

नवव्या दिवशी फूटपट्टी कामावर गेला. साहेब भला माणूस, म्हणाला, "काका, फुलबागेकडे बदली करून देतो." त्याने नको म्हटलं. तो उभा राहिला, फळी धरत राहिला, बूट काढायला लावत राहिला. चिठ्ठ्या लिहिणं तेवढं बंद केलं. पोरं रडत परत जायची, तो पुढच्याला हात करायचा.

लेक त्याला एका शब्दाने बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी तो तिच्याकडे जायचा, ती जेवायला वाढायची, ठकीच्या खोकल्याबद्दल, गळक्या नळाबद्दल बोलणं व्हायचं. बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. अन्न गोड लागत नव्हतं.

तीन महिन्यांनी, अशाच एका दुपारी, तो खाली बसून सुपात मटार सोलत होता आणि ती उभ्याने इस्त्री करत होती. ठकी आतल्या खोलीत झोपली होती. लेक इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

त्याने मान हलवली.

"त्या दिवशी दांड्याची भीती होती, की दुसरं काही?"

त्याने हातातली शेंग परत सुपात ठेवली. "दांड्याची होतीच," तो म्हणाला. "पण गाडी थांबवून, त्याला डब्यात बसवून, एका हाताने धरून, चढापर्यंत ढकलत नेता आलं असतं. मला सुचलं होतं ते. तेव्हाच सुचलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, आज नियम मोडून बसवला, तर त्याचा अर्थ पुन्हा येणार नाही असा होईल. मीच तसं म्हटल्यासारखं होईल."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "मी त्यासाठीच आणलं होतं त्याला," ती म्हणाली.

"कळलं होतं मला."

"कळलं होतं तर मला बाजूला घेऊन विचारलं का नाहीत? का आणलंस म्हणून?"

"तू खरं ते सांगितलं असतंस," तो म्हणाला.

ती येऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली. सूप आपल्याकडे ओढून तिने एक शेंग घेतली, सोलली नाही. त्याचे हात तिच्याकडे गेले आणि अर्ध्यावरच थांबले. तेवढ्यात आतून ठकी खोकली आणि दोघंही एकदमच उठली.