काकवीला मळी म्हणू नका

मगदूम मॅडम आज पहाटे गेल्या आणि दुपारी बाराच्या आत त्यांच्याच कॉलेजनं त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी ओतलं.

शोकसंदेश आला. लेटरहेडवर, फोटोसकट.

'तुलनात्मक कायदा, तंत्रज्ञान आणि अन्ननियमनाच्या अभ्यासक, मळी उत्पादकांच्या आधारवड डॉ. सुनंदा मगदूम यांचे दुःखद निधन.'

मळी.

तीस वर्षं पेपरात काढली. डेस्कवर कधी आवाज चढवला नाही. आज चढवतोय.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. काकवी म्हणजे उसाचा रस काईलीत, गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईत आटवताना, गूळ व्हायच्या आधी काढलेला दाट पाक. आपण चपातीशी खातो. मळी म्हणजे कारखान्यात साखर काढून उरलेला काळा चिकटा, दारू गाळायला जाणारा. आणि गुऱ्हाळावर मळी म्हणतात ती रस उकळताना वर येणारी घाण. झाऱ्यानं काढून टाकतात.

इंग्रजीत दोन्हींना मोलॅसिस म्हणून मोकळं होता येतं. मराठीत नाही.

हा घोळ कॉलेजच्या आधी मी घातलाय. तेही आज सांगतो.

पेठ वडगावजवळ आक्काताईंचं गुऱ्हाळ. त्या काकवी बाटल्यांत भरून विकायच्या. रीतसर लायसन्स पाहिजे म्हणून नेट कॅफेत गेल्या. ऑनलाइन फॉर्मच्या लिस्टमध्ये काकवी नव्हतीच. कॅफेवाल्यानं मोबाईलवर भाषांतर बघितलं आणि 'मोलॅसिस'वर टिक केलं. मराठी प्रिंट निघाली त्यावर मळी.

मग एक्साइजचे साहेब आले. मळी ठेवायला वेगळा परवाना लागतो म्हणाले आणि बाटल्या गाडीत भरल्या.

आक्काताई ओरडत होत्या, "अवो पावणं, चाखून तर बघा की! मळी कोन चपातीला लावून खातंय व्हय?"

कुणी चाखली नाही.

संध्याकाळी प्रेस नोट माझ्या टेबलावर आली. पान सोडायला वीस मिनिटं होती. मी हेडिंग दिलं, 'पेठ वडगावजवळ मळीचा अवैध साठा जप्त'.

प्रेस नोटमध्ये 'गुऱ्हाळातील बाटल्या' असं स्वच्छ लिहिलं होतं. गुऱ्हाळावर बाटलीत काय भरतात हे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं. एक फोन पुरला असता.

दुसऱ्या दिवशी मगदूम मॅडम ऑफिसात आल्या. तेव्हा ओळख नव्हती. लॉ कॉलेजला शिकवायच्या, त्यांच्या वडिलांचंही गुऱ्हाळ होतं. माझ्यासमोर त्यांनी बाटली ठेवली आणि चमचा.

"चाखा."

चाखली.

"काय आहे?"

"काकवी."

"मग छापलंत काय?"

"घाई होती, मॅडम."

"तुमच्या घाईचं कात्रण साहेबांच्या फायलीत पुरावा म्हणून लागलंय."

मी दोन ओळींचं शुद्धिपत्रक लिहिलं. संपादक म्हणाले, केस चालू आहे, कशाला अंगावर घेताय. मी मान डोलावली. हट्ट धरला नाही.

मॅडमनी केस लढवली. बाटल्या सुटल्या तेव्हा सगळी काकवी फसफसली होती. आक्काताईंनी ती बांधावर ओतली आणि काकवी विकणं बंद केलं.

मॅडम मात्र तिथंच थांबल्या नाहीत. कॅनडात मेपलच्या पाकाची व्याख्या नियमात आहे, कोलंबियात गुळाच्या भावंडासाठी स्वतंत्र कायदा आहे, मग आमच्या काकवीला नाव का नाही, हा त्यांचा प्रश्न. म्हणायच्या, "लिस्टमध्ये नाही ते कायद्यात नाही. कायद्यात नाही ते जप्त. कायदा आता कॉम्प्युटरच्या यादीत लिहिला जातो आणि ती यादी करणाऱ्याला काकवी माहीत नाही."

अर्ज, पेपर, दिल्लीच्या फेऱ्या. वर्षानुवर्षं.

प्रमोशनच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, "मॅडम, कंपॅरेटिव्ह लॉ म्हणजे जर्मनी, अमेरिका. तुम्ही काकवी कुठं घेऊन बसलाय?"

"तुलना करायला एका हातात आपलं काहीतरी पाहिजे की, सर."

प्रमोशन मिळालं नाही. ज्या पदावर होत्या त्याच पदावरून रिटायर झाल्या. आज तेच कॉलेज लिहितंय, 'संस्थेच्या प्रोत्साहनामुळे त्यांचे संशोधन बहरले'.

लाज वाटू दे.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. आवाज खोल गेला होता, पण खूश होत्या.

"आली लिस्टमध्ये. देवनागरीत. काकवी. काना, वेलांटी, सगळं बरोबर."

"आक्काताईंना सांगितलंत?"

"पहिला फोन त्यांनाच. म्हणाल्या, 'मग काईल घासायला काढतो.'" हसता हसता खोकला आला. मग म्हणाल्या, "आणि तुमचं शुद्धिपत्रक?"

दर भेटीत विचारायच्या. मी दर भेटीत हसून वेळ मारून न्यायचो. त्या दिवशीही तेच केलं.

आज शोकसंदेश वाचून प्राचार्यांना फोन लावला.

"सर, मळी नाही. काकवी."

"अहो, भावना पोचल्या ना? इंग्रजी मजकूर होता, कॉम्प्युटरनं मराठी करून दिला."

"तुम्ही वाचला नाही?"

"घाई होती हो."

फोन ठेवला. हे वाक्य माझंच होतं.

म्हणून जे तेव्हाच छापायला पाहिजे होतं ते इथं देतोय. पेपर सुटला, फेसबुकची ही भिंत माझी आहे.

शुद्धिपत्रक

पेठ वडगावच्या आक्काताईंच्या गुऱ्हाळावर जप्त झालेल्या बाटल्यांच्या बातमीत 'मळी' असा शब्द छापला गेला होता. छापला गेला नव्हता, मी छापला होता. तो 'काकवी' असा वाचावा.

आजच्या शोकसंदेशातही.

मॅडम, फार उशीर केला. नमस्कार.