झाकणांची चाचणी

हडपसरच्या त्या सरबताच्या कारखान्यात बाटल्यांवर झाकण बसवायला यंत्र होतं, पण यंत्राला झाकणं पुरवणारे हात कमरजहांचे होते. पालथं की उताणं ते बघायचं, सुलटं करून घसरणीवर सोडायचं, वाकडं असेल तर बाजूला काढायचं, नाहीतर ते यंत्रात अडकायचं. नवरा गेल्यापासून सय्यदनगरातलं भाड्याचं घर याच कामावर उभं होतं.

मालक यज्ञेश्वर आपटे आता झाकणं पुरवायलाही यंत्र घेणार होते. दोन पर्याय होते. एकात झाकणं पट्ट्यावरून वर चढत, पण अडकलेली सोडवायला माणूस लागे. दुसरं थरथरणारं भांडं. त्यात झाकणं ओतली की आपोआप सुलटी होऊन रांगेत बाहेर पडत. माणूस लागत नसे.

"आपा, भांडं अडकलं तर पट्टा घेऊ, तुम्ही राहाल," आपट्यांनी सरळच सांगितलं. "नाही अडकलं तर आपला नमस्कार."

चाचणीसाठी विक्रेत्याकडचा दिग्विजय भांडं घेऊन आला. झाकणं ओतायचं काम कमरजहांकडेच आलं. शेजारी लेबलं लावणारी सरोजिनी पुटपुटली, "आज वाकडी वेचत बसू नका हं. अडकू दे मेलं."

"मला काय वेड लागलंय?" कमरजहां म्हणाली.

तिने गोणी फोडली. झाकणं ओंजळीत घेतली की अंगठा कडेवरून फिरायचा, वाकडं लागलं की ते ॲप्रनच्या खिशात जायचं. हात इतकी वर्षं हेच करत आले होते, आजही तेच करत राहिले. तिच्या लक्षात आलं तेव्हा गोणी रिकामी झाली होती. भांडं एकदाही अडकलं नव्हतं.

"झकास!" आपटे म्हणाले. "दिग्विजय, ऑर्डर पक्की. आपा, सोमवारपासून आराम करा."

"साहेब, वाकडी मी काढली. परत एकदा घ्या चाचणी."

"वा! म्हणजे यंत्र चाललं ते तुमच्या कृपेने?"

दिग्विजय खाली बघून वायर गुंडाळू लागला. आपटे सरोजिनीकडे वळले. "तुम्ही शेजारीच होतात. काढली यांनी?"

सरोजिनीने लेबलांची चवड सारखी केली. "मी माझ्या कामात होते, साहेब."

कमरजहांने खिसा टेबलावर उलटा केला. "ही काय. बघा ना."

आपट्यांनी एक झाकण उचलून उजेडात धरलं. ते वाकडं होतं, हे त्यांनाही दिसलं. "अच्छा. कारखान्याचा माल असा खिशात जातो तर."

"सुट्टी झाली की भंगारात टाकते, साहेब. रोज."

"सुट्टी तर झालीच आहे तुमची," आपटे म्हणाले. "सरोजिनीबाई, जाताना यांची पिशवी बघून घ्या."

फाटकापाशी सरोजिनीने पिशवी उघडली, आतली ओढणी झटकली. रिक्षावाले बघत होते. मग सरोजिनीने जेवणाचा डबाही उघडून पाहिला.