अर्थ सांगणारे मामा

मामांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आमच्या कॉलनीत पोथीचा अर्थ सांगायचे ते मामाच.

लातूरला आमच्या घरी श्रावणात रोज दिवेलागणीला पोथी असे. बाबा एक ओवी वाचून थांबत, मग मामा तिचा अर्थ सांगत. वाचणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, ही गावाकडची पद्धत आईनं शहरात आणली होती. मामा तिच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. उभा जन्म त्यांनी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहिली होती. पोथीला यायचे ते पाय धुऊन, धुतलेली टोपी घालून, आणि बसायचे आमच्या फ्रिजला पाठ टेकून. "पाठीला बरं वाटतंय," म्हणायचे.

त्यांचा अर्थ मोंढ्याच्या वाटेनं यायचा. राक्षसाचं वर्णन आलं की, "एकेक दंड म्हणजे तुरीचं भरलेलं पोतं. उचलायला दोघं लागतील." राजाचा रथ चिखलात रुतला की, "राजा असला म्हणून काय झालं? खाली उतरून ढकलावं लागतंय." ऋषी संतापले की आवाज एकदम खाली आणून म्हणायचे, "आता कुणी बोलायचं न्हाई. तापलंय माणूस." आणि खरोखर खोलीत कुणी बोलत नसे.

मी आठवीत गेले त्या वर्षी बाबांची बदली नांदेडला झाली आणि पोथीला वाचणारं कुणी उरलं नाही. आईला चार ओळींत खोकल्याची उबळ यायची. वरच्या मजल्यावर मोठ्या बाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्या एका पायावर तयार होत्या. पण बाई वाचता वाचता अर्थही स्वतःच सांगत, तोही मुद्देसूद. बाई वाचायला बसल्या की मामांनी नुसतं फ्रिजला टेकून बसायचं, हे सगळ्यांना कळत होतं. मामांना तर सगळ्यात आधी कळलं.

"ही पोरगी वाचंल की," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मी इंग्लिश मीडियमची. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटत नसे. मी मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती, पण मामांनी हो धरली. "हाव म्हणली बघा," असं सांगून ते चप्पल घालून निघूनही गेले.

पहिले आठ दिवस मी पुटपुटत काढले. जोडाक्षर आलं की मी अडायची आणि बाई लांबून सुस्कारा टाकायच्या. मामा मात्र मी अर्धीच ओवी वाचली तरी अर्थ पुरा सांगायचे. मला वाटायचं, किती अंदाज बांधतो हा माणूस!

नवव्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस झाला आणि खिडकीतून पाणी देवघराच्या फळीवर आलं. आमची पोथी जुन्या पद्धतीची, सुट्ट्या आडव्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. फडकं चिंब, वरची पानं ओली. आई बाजारात गेलेली आणि लाईटही गेलेली. मी मोठ्या शहाणपणानं एकेक पान पलंगावर, जमिनीवर, टीव्हीवर पसरून ठेवलं. आणि लाईट आली.

पंखा पाचवर होता.

पोथी उडाली. पानं पडद्यावर, पानं कपाटामागं, एक पान थेट शेंगदाण्याच्या चटणीत. मी ओरडत, उड्या मारत त्यांच्यामागं पळत होते आणि बटण बंद करावं हे शेवटचं पान खाली आल्यावर सुचलं. पानं गोळा तर केली, पण कोपऱ्यातले आकडे ओल्यानं फुगले होते आणि मराठी आकड्यांशी माझी ओळख तशीही बेताचीच. जमतील तशी लावली, इस्त्रीनं फडकं वाळवलं, बांधलं, आणि कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर बाई वाचायला बसल्या असत्या.

संध्याकाळी मी वाचायला लागले. पहिल्याच पानावर राजा वारला. मामांनी असा अर्थ सांगितला की आईनं डोळ्याला पदर लावला. मी पुढचं पान घेतलं. त्यावर राजाचं बारसं होतं.

माझे कान तापले. बाईंनी चष्मा पुसला.

मामा खाकरले. "राजा गेला. आपण आत्ताच ऐकलं. आता पाळण्यात बाळ रडून राहिलंय. तर हे कोण? तोच राजा! वर त्याचं मन लागलं न्हाई."

"अहो, पण आईवडील, गाव, नाव सगळं तेच कसं?" बाईंनी विचारलं.

"इतक्या घाईत दुसरं घर कुठं भेटतंय, बाई?"

आईच्या तोंडून विचित्र आवाज आला. मी पुढचं पान घेतलं. परवा मारलेला राक्षस राजाच्या लग्नात पंगतीला बसला होता.

"हा मेला होता!" बाई म्हणाल्या.

"मेला होता. पण आमंत्रण आधीच गेलतं की."

मग मला राहवेना. मी हसले, नुसती हसले नाही, पोथीवर वाकून, खिदळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चारचौघांत मी हसले आहे असं मला आठवत नव्हतं, आणि आता थांबता येईना. आई हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती.

"दाखव गं ती पोथी इकडं," बाई उठल्या.

मामांनी पोथीवर हात आडवा धरला. "चालू पोथीला हात लावायचा न्हाई, बाई. अध्याय पुरा होऊ द्या. वाच, पोरी."

मी वाचलं. हसणं दाबायला आवाज मोठा काढावा लागत होता, म्हणून मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदाच माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा दारात उभे. "सुमन, चहा टाक," आईला म्हणाले, आणि मला म्हणाले, "प्रत्येक पानाची पहिली ओळ वाच."

मी वाचत गेले. मामा डोळे मिटून सांगत गेले, "हे लग्नाच्या मागं. हे तिकडं, वनवासात. हे चटणीच्या वासाचं? हे युद्धाच्या आधी." तासाभरात पोथी जागेवर आली. इतक्या श्रावणांत ऐकून ऐकून सगळी पोथी त्यांना तोंडपाठ होती. ते अंदाज बांधत नव्हते.

"मग काल का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोललो असतो तर तू उठून पळाली असतीस. अन् मग मी कुणाच्या जिवावर बसू?"

समाप्तीपर्यंत मी वाचलं, पुढची तीन वर्षंही वाचलं. बाई रोज यायच्या. अजून कोण कोण जिवंत होतंय ते बघायला येते, म्हणायच्या. मग मामा लेकीकडं इस्लापूरला गेले आणि आम्ही सगळे नांदेडला आलो.

गेल्या आषाढात मामा वारले. त्यांच्या लेकीचा फोन आला. "आमच्या दादांच्या नावानं पोथी लावली आहे. वाचायला तू ये, ताई." मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. रजा टाकून गेले. ओसरीवर सगळी गल्ली जमली होती. लांबून सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज येत होता. मी पहिली ओवी वाचली आणि सवयीनं थांबले.

अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पोथीकडे.

"ऋषी संतापले," मी म्हणाले. "म्हणजे कसे? ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी आम्ही खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावतो ना, तेव्हा रांगेतला पहिला माणूस जसा बघतो, तसे."

एक म्हातारी फिसकन हसली. मग तिच्या शेजारची हसली. मग मामांची लेक, रडता रडता.

"पुढं काय केलं गं त्यांनी?" म्हातारीनं विचारलं आणि ती सरकून जवळ बसली.